इशारा किती आणि अवघड किती? : कोड्यांचा एक लहानसा संगणकीय खेळ रचताना

रात्रीच्या जेवणानंतर वसतिगृहाच्या ओट्यावर मुले एकमेकांना कोडी घालत बसतात, हे दृश्य निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. कोडे घालणाऱ्याची खरी कसोटी कोडे घालण्यात नसते. समोरचा अडला की त्याला काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, यात ती असते. लगेच उत्तर सांगितले तर कोड्याची गोडी संपते. काहीच सांगितले नाही तर ऐकणारा कंटाळून उठून जातो. जाणता मुलगा अशा वेळी ‘ती वस्तू आत्ता तुझ्या अंगावरच आहे’ एवढेच म्हणतो. उत्तर त्याने सांगितलेले नसते. शोधायची जागा तेवढी लहान केलेली असते.

गेल्या शैक्षणिक वर्षात शाळेच्या संगणक कक्षात नववीच्या चार विद्यार्थ्यांसह एक छोटा संगणकीय खेळ रचण्याचा योग आला, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या वेषात आमच्यापुढे उभा राहिला. चित्रे काढणे, आज्ञावली लिहिणे, आवाज जोडणे ही कामे अपेक्षेपेक्षा लवकर उरकली. कोडे किती अवघड ठेवावे आणि अडलेल्या खेळाडूला कितपत इशारा द्यावा, हे ठरवण्यात मात्र उरलेले वर्ष गेले. त्या खटाटोपात जे उमगले, ते येथे मांडण्याचा विचार आहे. संगणकीय खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्या वाचकांनीही हा लेख वाचावा अशी विनंती आहे. प्रश्नपत्रिका काढताना ज्याला ‘काठिण्यपातळी’ या शब्दाशी झगडावे लागले आहे, त्याला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

प्रथम या खेळप्रकाराविषयी थोडे. पडद्यावरचे एक छोटे पात्र फळ्यांवरून आणि पायऱ्यांवरून उड्या मारीत पुढे जाते, अशा खेळाला प्लॅटफॉर्मर म्हणतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध. वाटेत केवळ खड्डे आणि शत्रू न ठेवता थांबून विचार करायला लावणारी कोडी ठेवली, की तो पझल प्लॅटफॉर्मर होतो. वाल्व्ह या अमेरिकी कंपनीचा ‘पोर्टल’ (२००७), जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ (२००८), डेन्मार्कमधील प्लेडेड या संस्थेचा ‘लिम्बो’ (२०१०) ही त्याची नावाजलेली उदाहरणे होत.

आमच्या खेळाचे नाव ‘कंदील’. तो ‘स्क्रॅच’मध्ये केला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेली ही विनामूल्य आज्ञावली-भाषा इंटरनेटशिवायही चालते, आणि आमच्या कक्षातील जुन्या यंत्रांना तेच सोयीचे होते. खेळात बारा खोल्या आहेत. नायकाच्या हातात कंदील असतो. खोलीत दोन प्रकारचे दगड दिसतात. काळा दगड कायमचा. निळा दगड मात्र कंदिलाचा उजेड त्याच्यावर पडत असेल तोवरच टिकतो, उजेड सरकला की विरून जातो. कंदील खाली ठेवता येतो, पुन्हा उचलता येतो. सारा खेळ एवढ्या एका नियमावर उभा आहे. मुलांना आरंभी त्यात राक्षस, तलवारी आणि उडता गालिचा हवा होता. त्यांना नाही म्हणताना मलाही वाईट वाटले. पण लहान खेळात नियम जितके अधिक, तितके प्रत्येक नियम शिकवण्यातच खोल्या खर्ची पडतात आणि विचार करायला जागा उरत नाही.

काठिण्याचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की अशा खेळात अडचण दोन ठिकाणी असू शकते : हातात आणि डोक्यात. काय करायचे ते कळले आहे, पण उडी नेमकी साधत नाही, ही हाताची अडचण. उड्या सहज जमतात, पण काय करायचे तेच कळत नाही, ही डोक्याची. दोन्ही एकाच खोलीत एकत्र आल्या, की विलक्षण घोटाळा होतो. मुलाला योग्य युक्ती सुचते, ती तो करून पाहतो, उडी दोन बोटे कमी पडते, आणि तो असा निष्कर्ष काढतो की युक्तीच चुकीची होती. मग तो बरोबर वाट सोडून भलत्याच वाटा धुंडाळू लागतो. आमच्या तिसऱ्या खोलीत हे तीनदा घडलेले मी पाहिले. कोडे ज्याला सुटले होते, त्यालाच ते सुटले नाही असे वाटत होते.

म्हणून ठरवले, की या खेळात हाताची परीक्षा घ्यायची नाही. उडीचे अंतर सर्वत्र ऐसपैस ठेवले. त्याखेरीज मोठ्या खेळांतील एक युक्ती उचलली. पात्र कड्यावरून पुढे गेल्यावरही क्षणभर उडीची कळ स्वीकारायची. डोळ्याला ते कळत नाही, पण किंचित उशीर करणारा हात वाचतो. इंग्रजीत या सवलतीला व्यंगचित्रपटातल्या एका कोल्ह्याचे नाव मिळाले आहे, कारण तोही कड्यापलीकडे हवेत पळत राहतो आणि खाली पाहिल्यावरच पडतो. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ या अतिशय अवघड समजल्या जाणाऱ्या खेळातही ही सवलत आहे, हे कळल्यावर मुलांना आश्चर्य वाटले. स्क्रॅचमध्ये पडदा सेकंदाला ३० वेळा बदलतो. आम्ही तीन बदलांइतकी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची सूट दिली. उड्या चुकल्याच्या तक्रारी बहुतांशी थांबल्या.

दुसरी दुरुस्ती शिक्षेची होती. पहिल्या आराखड्यात काट्यांवर पडलेला खेळाडू थेट पहिल्या खोलीत परत जात असे. मुलांच्या मते त्यामुळे खेळाला ‘वजन’ येत होते. प्रत्यक्षात खेळणारी मुले प्रयोग करीनाशी झाली. सातव्या खोलीपर्यंत आलेला मुलगा नवीन काही करून पाहण्याआधी दहा वेळा कचरे, आणि जे ठाऊक आहे तेच पुन:पुन्हा करी. कोडे सुटायचे तर चुकून पाहावेच लागते. चुकण्याची किंमत भारी ठेवली तर कोडे अवघड होत नाही, खेळाडू भित्रा होतो. ‘ब्रेड’मध्ये तर काळच उलटा फिरवता येतो, पडलात तर कळ दाबून धरा आणि पडण्यापूर्वीच्या क्षणापर्यंत मागे या, कितीही वेळा. कोडी मात्र कमालीची अवघड आहेत. आम्ही एवढेच केले, की पडल्यावर त्याच खोलीच्या दाराशी, क्षणाचाही विलंब न लावता, पुन्हा उभे करायचे.

आता पाचव्या खोलीकडे वळतो, कारण या लेखाचा खरा विषय तिच्यात आहे.

पाचव्या खोलीत वर निळ्या दगडांची सलग जमीन होती. तिच्या खाली तळघर, आणि तळघरात बाहेर जाण्याचे दार. खाली उतरायला जिना नाही, भगदाड नाही. उत्तर असे : कंदील खाली ठेवायचा आणि त्याच्या उजेडाबाहेर चालत जायचे. तेथे जमीन नसतेच, त्यामुळे आपण अलगद तळघरात उतरतो. आधीच्या चार खोल्यांत उजेड म्हणजे आधार, अंधार म्हणजे धोका, असेच शिकवले होते. येथे प्रथमच अंधाराचा उपयोग करायचा होता. आम्हा पाचही जणांना ही खोली खेळातील सर्वांत सुंदर वाटत होती, आणि फारशी अवघडही नाही, असे आमचे मत होते.

सहावीतील पाच मुलांना एकेक करून बोलावले. नियम असा केला, की आम्ही मागे उभे राहायचे, काहीही बोलायचे नाही, हसायचे नाही, सुस्कारा टाकायचा नाही. केवळ वहीत नोंद करायची. हा नियम पाळणे किती कठीण असते, ते ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल. नववीच्या एका विद्यार्थ्याला शेवटी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरावे लागले. पाचांपैकी एकालाही खोली सुटली नाही. चौघे चुळबुळत उठून गेले. पाचवा चिकट होता. तो वीस मिनिटे डावीकडच्या भिंतीवर उड्या मारीत राहिला. आम्हाला काही केल्या कळेना, की हा भिंतीवर का आदळतो आहे. अखेर तो खुर्चीवरून उतरला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “सर, मला नाही जमणार. मी ढच आहे.”

त्या भिंतीवर एक भेग होती. चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्याने खोली जुनाट दिसावी म्हणून ती हौसेने रेखाटली होती. तिला काही अर्थ नव्हता. पण खेळाडूला हे कसे कळावे? रिकाम्या खोलीत एकच भेग दिसली, तर ती कोणीतरी मुद्दाम ठेवली असणार, असेच कोणीही समजेल. त्याचा तर्क निर्दोष होता. आम्ही त्याला खोटा इशारा दिला होता आणि तो त्याने प्रामाणिकपणे पाळला होता. हे त्याला समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. त्याचा विश्वास बसला नाही. मोठी माणसे धीर देण्यासाठी असेच बोलतात, हे सहावीतल्या मुलाला पुरते ठाऊक असते.

खेळ रचण्याच्या कामात पणाला लागलेली गोष्ट कोणती, हे मला त्या दिवशी कळले. अवघड कोडे आणि सदोष कोडे यांतला फरक बाहेरून दिसत नाही. दोन्हींपुढे मूल सारखेच अडते. पण अवघड कोडे सुटते तेव्हा मूल स्वतःशी म्हणते की उत्तर समोरच होते; सदोष कोडे सुटत नाही तेव्हा ते दोष कोड्याला देत नाही, स्वतःला देते. रचनाकाराला हा फरक स्वतःहून कळणे जवळपास अशक्य असते, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. एकदा उत्तर कळले, की ते ठाऊक नसतानाची नजर परत आणता येत नाही. पाठ झालेली कविता पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकता येत नाही, तसेच ते आहे.

पहिला उपाय म्हणून भेग पुसली आणि दारावर एक पाटी लावली : ‘कधी कधी उजेडच आड येतो.’ आम्हाला वाक्य फार आवडले होते. पुढच्या मुलांपैकी काहींनी ते वाचलेच नाही. ज्यांनी वाचले त्यांना तो सुविचार वाटला. आपल्या भिंतींवर सुविचार पुष्कळ असतात, त्यामुळे दोष त्यांचा नव्हे. उत्तर ठाऊक असणाऱ्यालाच जो कळतो, तो इशारा काही कामाचा नसतो; तो रचनाकाराने स्वतःची थोपटलेली पाठ असते.

मग ‘सुपर मारिओ’चा पहिला टप्पा मुलांना बारकाईने पाहायला लावला. त्यात एकही सूचना लिहिलेली नाही. आरंभी पात्र पडद्याच्या डाव्या कडेशी उभे असते आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून खेळाडू आपोआप उजवीकडे निघतो. समोरून पहिला शत्रू येतो. उडी मारता येते हे तेथे कळते. ठोकळ्यातून निघालेले अळंबे पुढच्या नळाला आपटून परत खेळाडूकडेच येते, आणि डोक्यावर ठोकळे असल्यामुळे ते चुकवणे सोपे नसते. त्याला स्पर्श होतो, पात्र मोठे होते, आणि अळंबे शत्रू नाही हे समजते. या रचनेमागील विचार शिगेरू मियामोतो यांनी स्वतः उलगडून सांगितला आहे. थोडे पुढे दोन जिन्यांमध्ये खड्डा येतो. पण त्याच्या आधी तसाच एक जिना असा आहे, की उडी चुकली तरी खाली जमीनच आहे. प्रथम निर्धोक सराव, मग तीच उडी धोक्यासह. खेळाडूला शिकवले जात आहे, याचा त्याला पत्ताही लागत नाही.

त्याच धर्तीवर आम्ही चौथी खोली नव्याने रचली. तिच्यातील दार कोनाड्यात कंदील ठेवल्यावरच उघडते. कंदील ठेवून दाराकडे निघालेला प्रत्येक जण चार पावलांवर उजेडाबाहेर पडतो आणि खालच्या खड्ड्यात कोसळतो. खड्ड्यात काटे नाहीत. काळ्या दगडाचा जिना थेट दाराशी नेतो. म्हणजे पाचव्या खोलीत जे मुद्दाम करायचे, ते चौथीत नकळत एकदा घडून गेलेले असते. ‘कंदील सोडला तर मी पडतो’ ही गोष्ट खेळाडूला ठाऊक होते. ‘पडणे उपयोगाचे असते’ हा शोध मात्र त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

बदल केल्यावर पुन्हा पाच मुले बसवली. सर्वांनी पाचवी खोली पार केली, तीही मिनिटभरात. नववीच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. माझे समाधान मात्र झाले नाही, कारण एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटले नव्हते. मुले कंदील कोठेही ठेवत, हिंडताना चुकून खाली पडत, आणि दार दिसले की पुढे जात. एकाला विचारले, “कसे उतरलास?” तो म्हणाला, “पडलो, सर.” कोडे सुटले नव्हते, ओलांडले गेले होते. इशारा इतका पुढे सरकला होता, की त्याने प्रश्नच खाऊन टाकला होता. खोली अकरा येईपर्यंत याचे परिणाम दिसले. जे पाचवीत चुकून पडले होते, ते पुढे अंधाराचा हेतुपूर्वक उपयोग करू शकले नाहीत.

तिसरी आवृत्ती अशी : तळघरात सर्वत्र काटे, आणि दारापुढे दोन पावलांइतका काळा दगड. वर कोठेही कंदील ठेवून चालू लागल्यास उजेडाच्या कडेशी आपण पडतो आणि काट्यांत जातो. त्या दोन पावलांवरच पडायचे असेल, तर उजेडाची कड बरोबर त्यांच्या वर येईल अशा जागी कंदील ठेवावा लागतो. उजेडाचे वर्तुळ ठसठशीत रेघेने दाखवले, म्हणजे अंदाजाचा आणि हाताचा प्रश्न उरू नये. पडून पडून दार सापडत नाही. आपण कोठे पडणार हे आधी मनात पाहावे लागते. या आवृत्तीत मुले दोनदा-तीनदा काट्यांत पडली, थांबली, पडद्याला बोट लावून अंतर मोजू लागली. तेथे मला प्रथम वाटले, की खोली आता ठीक झाली.

इशाऱ्याविषयी एक सर्वसाधारण गोष्ट येथे सांगता येईल. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या अभ्यासकांनी १९७६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन, त्यांना मदत करणारी शिक्षिका नेमके काय करते याचा अभ्यास केला. इमारत बांधताना उभारतात त्या परांचीची उपमा त्यांनी या मदतीला दिली. त्यांनी नोंदवलेल्या मदतीच्या प्रकारांत दोन आमच्या फार उपयोगी पडले : करता येण्यासारख्या गोष्टींची संख्या कमी करणे, आणि महत्त्वाची खूण नजरेस आणून देणे. दोन्हींत उत्तर सांगितलेले नाही. भेग पुसणे हा पहिल्या प्रकारचा इशारा होता, आणि वर्तुळाची कड ठळक करणे हा दुसऱ्या प्रकारचा. ‘पोर्टल’च्या निर्मात्यांनाही असाच अनुभव आला. एका टप्प्यात खेळाडूने एक खोके शेवटपर्यंत सोबत नेणे आवश्यक होते, पण चाचणीत लोक ते मागेच विसरून जात. त्यांनी खोक्यावर एक हृदय रंगवले आणि खेळातील आवाजाच्या तोंडी त्याच्याविषयी काही वाक्ये घातली. कोडे तसेच राहिले. लोक खोके न्यायला विसरेनासे झाले.

इतके करूनही काही जण अडणारच. त्यांच्यासाठी मागितल्यावर मिळणारा इशारा हवा. याचा सर्वांत सुबक नमुना संगणकीय खेळांच्या बाल्यावस्थेतला आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीच्या शब्दखेळांसाठी इशाऱ्यांच्या पुस्तिका मिळत. त्यांत प्रश्न साध्या शाईने छापलेले, आणि उत्तरे अदृश्य शाईने. सोबतच्या खास लेखणीने एकेक ओळ घासली, की ती उमटे. पहिली ओळ नुसती दिशा दाखवी, पुढची थोडे अधिक सांगे, शेवटची उत्तर देई. कोठे थांबायचे, हे वाचकाच्या हाती राहत असे.

आम्हीही प्रत्येक खोलीला तीन इशारे लिहिले. पाचव्या खोलीचा पहिला : ‘चौथ्या खोलीत तू खाली कसा पडलास, ते आठव.’ दुसरा : ‘उजेडाची कड जेथे संपते, तेथे जमीन संपते.’ तिसरा : ‘दारापुढच्या काळ्या दगडाच्या बरोबर वर पाहा. उजेडाची कड तेथे आणायची आहे.’ कंदील कोठे ठेवायचा, हे तिसऱ्यातही सांगितलेले नाही. शेवटचे पाऊल खेळाडूचेच असावे, याविषयी आम्हा पाचांत कधी मतभेद झाला नाही.

मतभेद झाला तो इशारा केव्हा द्यावा यावर. प्रथम घड्याळ लावले : दोन मिनिटे खोली सुटली नाही, की पहिला इशारा आपोआप उमटे. त्यावर एक मुलगी अक्षरशः रागावली. ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत विचार करीत होती, आणि मध्येच यंत्राने तिला शिकवायला सुरुवात केली. विचार करणारा आणि अडलेला यांत घड्याळाला फरक कळत नाही. २००९ च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये एकाच टप्प्यात आठ वेळा जीव गमावल्यावर एक हिरवा ठोकळा प्रकटतो, त्याला धडक दिली तर यंत्र तो टप्पा स्वतः खेळून दाखवते, नाही दिली तर काही बिघडत नाही. वेळ मोजण्यापेक्षा अपयश मोजणे बरे, आणि मदत लादण्यापेक्षा पुढ्यात ठेवणे त्याहून बरे. चेक प्रजासत्ताकातील अमानिता डिझाइनच्या ‘मशिनेरियम’मध्ये (२००९) आणखी गंमत आहे : उत्तराचे पुस्तक उघडण्यासाठी एक कंटाळवाणा छोटा खेळ खेळावा लागतो. ज्याला खरोखर गरज आहे, तोच ते कष्ट घेतो. आमच्या मुलांना ही युक्ती पसंत पडली, मला नाही. मदत मागणे आधीच जड जाते अशी मुले मी रोज पाहतो, त्यात आणखी उंबरा कशाला, असे मला वाटले. शेवटी पाच वेळा काट्यांत पडल्यावर कोपऱ्यातली एक पणती नुसती मिणमिणू लागते, एवढेच ठेवले. तिच्यावर टिचकी मारायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निवासी शाळेची एक अडचण पुस्तकांत सापडत नाही. पहिल्यांदा खेळणारा मुलगा हा एकदाच पहिल्यांदा खेळतो. त्याला उत्तर कळले, की परीक्षक म्हणून तो संपला. आणि वसतिगृहात एकाला कळलेले उत्तर रात्रीच्या जेवणाची ताटे उचलली जाईपर्यंत साऱ्यांना कळलेले असते. पाचव्या खोलीचे रहस्य पहिल्याच आठवड्यात पंक्तीत फुटले. त्यानंतर कोवळे खेळाडू आम्ही दुष्काळात पाणी वापरावे तसे जपून वापरू लागलो. एका वेळी तिघे, आणि त्यांच्याकडून निघताना गुप्ततेची शपथ. शपथ कितपत पाळली गेली, याविषयी न बोललेले बरे. खेळणाऱ्याच्या मागे उभा राहून ‘अरे तिकडे, तिकडे!’ ओरडणारा मित्र हा इशाऱ्यांतील सर्वांत वाईट प्रकार होय, आणि त्याला कोणत्याही आज्ञावलीने आवर घालता येत नाही.

खोल्यांच्या क्रमाविषयी थोडक्यात सांगतो. काठिण्य एका रेषेत चढत नेणे चुकीचे ठरले. अवघड खोलीनंतर लगेच एक सोपी, नुकतीच कळलेली युक्ती मिरवता येईल अशी खोली हवी. सहावी खोली केवळ त्यासाठी आहे. अतिशय हुशार मुलांसाठी मुख्य वाटेबाहेर तीन आडखोल्या ठेवल्या. टेरी कॅव्हॅना यांच्या २०१० सालच्या एका खेळात (त्याचे नाव म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर सहा वेळा) सर्वांत छळणाऱ्या जागी नेमके असे काही ठेवले आहे, की ते न घेताही खेळ पुरा करता येतो. ज्याला आव्हान हवे त्याने जावे. बाकीच्यांची वाट अडत नाही.

भेगेवर उड्या मारणारा तो मुलगा महिनाभर संगणक कक्षाकडे फिरकला नाही. नंतर एका शनिवारी दुसऱ्या कोणाच्या तरी खुर्चीमागे येऊन उभा राहिला, आणि बराच वेळ पाहून झाल्यावर म्हणाला, “सर, ती भेग काढली का?” काढली, असे सांगितले. त्याने मान हलवली. त्या दिवशी तो खेळला नाही. पुढच्या शनिवारी बसला आणि आठव्या खोलीपर्यंत गेला.

नववी खोली मात्र अजून निकालात निघालेली नाही. तिच्यात कंदील खालच्या मजल्यावर ठेवून, त्याच्या वर पोहोचणाऱ्या उजेडात वरच्या पायऱ्या चढायच्या आहेत. उजेड हातातच असला पाहिजे, ही सवय तेथे मोडावी लागते. तीन मुलांनी त्या खोलीत खेळ कायमचा सोडला. एका मुलीला ती तिसऱ्या दिवशी सकाळी, वंदनेला रांगेत बसलेली असताना सुटली. शाळा भरण्याआधी ती धावत कक्षाच्या दाराशी येऊन थांबली होती. खोली काढून टाकावी, असे नववीच्या दोघांचे म्हणणे आहे. राहू द्यावी, असे दोघांचे. पहिले दोघे त्या तीन मुलांची नावे घेतात, दुसरे दोघे त्या मुलीचे. तूर्त ‘ब्रेड’च्या धर्तीवर तडजोड केली आहे, त्या खेळात न सुटलेले कोडे बहुधा मागे ठेवून पुढे जाता येते आणि नंतर परत येता येते. तसे नवव्या खोलीला वळसा घालून दहावीत नेणारे एक लहान दार केले आहे. त्या दारावर काय लिहावे, किंवा काही लिहावेच का, याची चर्चा येत्या शनिवारी पुन्हा व्हायची आहे.